कायद्याची वार्ता आणि तालुक्याचा वकील

२० जून १९९१ रोजी केंद्र शासनाच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. डहाणू तालुका हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र असल्याचे या अधिसूचनेने जाहीर झाले. तालुक्यात उद्योगांसाठी वापरावयाच्या जमिनीवर ५०० एकरांची कमाल मर्यादा आली, उद्योगांची वर्गवारी ठरली आणि तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटर रुंदीचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवावा, असे सांगण्यात आले. शेजारचा तलासरी तालुका या पट्ट्यात ओघानेच आला. घोलवड-बोर्डीचा चिकू बागायतदार, धाकटी डहाणूचा मच्छीमार, वाणगावचा लहान कारखानदार, सायवनकडचा वारली शेतकरी अशा सर्वांच्या व्यवहाराला स्पर्श करणारा हा मजकूर होता. परंतु तो छापला गेला दिल्लीच्या राजपत्रात, इंग्रजी व हिंदी भाषेत, आणि ते राजपत्र यांच्यापैकी कोणाच्याही घरी येत नव्हते.

अशा वेळी लोक ज्याच्याकडे जातात तो तालुक्याचा वकील. अमुक गोष्ट आता करता येते की नाही, अर्ज कोठे करावयाचा, दिवस किती उरले, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा असते. त्याला ते सांगता यावे यासाठी कायद्यातील बदलाची वार्ता प्रथम त्याच्यापर्यंत आली पाहिजे. ती कशी येते, कोठे अडते आणि ‘वेब फीड’ या साध्या साधनाने तिचा मार्ग किती जवळचा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय वकिलांचा असला तरी ग्रामपंचायतींचा व शासकीय कार्यालयांचाही त्याच्याशी निकटचा संबंध आहे, हे पुढे दिसून येईल.

डहाणूच्या त्या अधिसूचनेचीच पुढील वाटचाल पाहावी. बिट्टू सहगल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला. त्यानुसार १९ डिसेंबर १९९६ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते व जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण येथील बंदराच्या तत्कालीन प्रस्तावास नकार दिला. १९९९ मध्ये मूळ अधिसूचनेत दुरुस्ती झाली. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निर्देश व मंत्रालयाचे कार्यालयीन ज्ञापन यांमुळे बंदरांची वर्गवारी कोणती, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने बंदराच्या नव्या प्रस्तावास अटींसह ना-हरकत दिली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली.

बंदर असावे की नसावे, हा येथे विषय नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. एका तालुक्यातील एका प्रश्नावरचा कायदा राजपत्र, सर्वोच्च न्यायालय, प्राधिकरण, नियंत्रण मंडळ, मंत्रालयाचे ज्ञापन, उच्च न्यायालय आणि मंत्रिमंडळ अशा सात दारांतून बाहेर आला. प्रत्येक दार वेगळ्या गावी आणि प्रत्येकाची उघडण्याची वेळ वेगळी. एवढ्या दारांवर एकटा वकील रोज उभा कसा राहणार?

प्रसिद्धी झाली की कायदा लागू

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू मात्र कमी लोकांना ठाऊक असते. कायदा लोकांपुढे ठेवलाच नसेल तर तो त्यांच्यावर लादताही येत नाही. हरला विरुद्ध राजस्थान राज्य या १९५१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयीचा एक कायदा ठरावाने संमत केला होता, पण तो योग्य रीतीने प्रसिद्ध केला नव्हता. अशा अप्रसिद्ध कायद्याखाली शिक्षा देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

मात्र प्रसिद्धी एकदा झाली की ती तुमच्या कानी आली की नाही, हे कोणी विचारीत नाही. या संदर्भात मुंबईतच घडलेले एक प्रकरण मोठे बोलके आहे. सोने विमानातून भारतमार्गे नेण्यासंबंधी रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबर १९६२ रोजी एक अधिसूचना काढली व ती २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात छापून आली. २७ नोव्हेंबरला एक जर्मन प्रवासी मनिलाकडे जाण्यासाठी झुरिकहून निघाला. दुसऱ्या दिवशी सांताक्रूझ विमानतळावर विमान थांबले असता त्याच्या अंगावरील जाकिटात ३४ किलो सोने सापडले. चार दिवसांपूर्वी दिल्लीत छापलेली अधिसूचना परदेशातील माणसाला कशी ठाऊक असणार, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयात यशस्वी झाला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये, न्यायमूर्ती सुब्बाराव यांची भिन्नमतपत्रिका असतानाही, बहुमताने तो अमान्य केला. राजपत्रात प्रसिद्धी झाली तेवढे पुरे, असे ठरले. झुरिकच्या प्रवाशाला जी सवलत मिळाली नाही, ती उधव्याच्या वा सूत्रकारच्या खातेदाराला मिळेल अशी आशा धरणे व्यर्थ होय.

त्या काळी राजपत्र निदान कागदावर छापले जात असे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्रास मान्यता दिली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्र शासनाने राजपत्राची छापील प्रत काढणे थांबविले. म्हणजे टपालाने अंक येईल व तो बाररूमच्या कपाटात लागेल, ही जुनी सोयही संपली. नव्या व्यवस्थेत काळाचे मोजमाप किती बारीक झाले आहे, हे २०२० च्या एका निर्णयावरून कळते. पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावणारी अधिसूचना १६ फेब्रुवारी २०१९ रोजी रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी ई-राजपत्रात चढविण्यात आली. त्या दिवशी त्याआधीच अटारी येथे ज्यांनी आयातीची कागदपत्रे दाखल केली होती, त्यांना नवा दर लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. दिवस नव्हे, तर सेकंद निर्णायक ठरला.

एकाच शिवारात तीन मुदती

तलासरी व डहाणू तालुक्यांच्या नकाशावर गेल्या काही वर्षांत तीन मोठ्या रेषा उमटल्या. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि पश्चिम समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग, या त्या रेषा होत. सामान्य माणसाच्या दृष्टीने तिन्हींचा अर्थ एकच, जमीन जाणार. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे तीन निरनिराळे रस्ते आहेत. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली कलम ३-अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत हरकत घ्यावी लागते. रेल्वे अधिनियमातील विशेष रेल्वे प्रकल्पांच्या तरतुदींखाली ही मुदत ३० दिवसांची आहे. २०१३ च्या भूमिसंपादन अधिनियमाखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस मिळतात. एखाद्या शेतकऱ्याचा एक तुकडा महामार्गात व दुसरा रेल्वेत जात असेल, तर एकाच घरात दोन घड्याळे चालू असतात. शेजाऱ्याला साठ दिवस मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, असा समज करून घेतलेला माणूस बाविसाव्या दिवशी वकिलाकडे गेला, तर वकिलाच्या हातात फारसे काही उरत नाही.

पर्यावरणविषयक परवानगीची गोष्टही अशीच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १६ प्रमाणे अपील करण्यास आदेश कळविल्यापासून ३० दिवस मिळतात. पुरेसे कारण असेल तर न्यायाधिकरण आणखी ६० दिवसांपर्यंत विलंब माफ करू शकते. त्यापुढे एक दिवसही नाही. मग ‘आदेश कळविला’ याचा अर्थ काय? पर्यावरणीय परवानगी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवली जाते, प्रकल्पधारकाने ती मिळाल्याची जाहिरात दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावयाची असते आणि परवानगीची प्रत ग्रामपंचायतींसह स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे पाठवावयाची असते. हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये सेव्ह मॉन रीजन फेडरेशनच्या प्रकरणात या गोष्टींचा विचार करताना, यांपैकी जी गोष्ट कायद्याप्रमाणे प्रथम पूर्ण होईल तिच्यापासून मुदत मोजावी, असा दृष्टिकोन घेतला. म्हणजे वृत्तपत्रातील जाहिरात गावात पोहोचण्यापूर्वी, संकेतस्थळावरच घड्याळ सुरू झालेले असू शकते.

येथे पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशी प्रत ग्रामपंचायतीकडे आल्यावर ती ३० दिवस फलकावर लावून ठेवावयाची असते. आवक नोंदवहीत नोंद करून फाइलला लावलेला कागद फलकावर लागला असे होत नाही. अपिलाची मूळ मुदतही तीसच दिवसांची आहे, हे पाहता त्या फलकाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

फीड म्हणजे काय

जुन्या काळी वकिलाची माहितीची साधने ठरलेली होती. १८९९ पासून निघणारा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’, १९१४ पासूनचा व नागपूरशी नाव जोडले गेलेला ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, राजपत्राची साप्ताहिक कोकण विभागीय पुरवणी, आणि जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या ज्येष्ठ वकिलाने चहा घेताना सांगितलेली नवी गोष्ट. शेवटचे साधन सर्वांत जलद असे, पण त्यावर अर्जात भिस्त ठेवता येत नसे! इंटरनेट आल्यावर अडचण नेमकी उलट झाली. माहिती थोडी व उशिरा येण्याऐवजी अमाप येऊ लागली. रोज वीस संकेतस्थळे उघडून काही नवे आहे काय हे पाहावयाचे म्हटले, तर न्यायालयाची वेळ होईपर्यंत सकाळ तेथेच संपते, आणि बहुतेक ठिकाणी नवे काहीच नसते.

वेब फीड हे या अडचणीवरील उत्तर होय. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक यादी स्वतंत्र फाइलमध्ये ठेवते. त्या यादीत प्रत्येक नोंदीचा मथळा, तारीख, थोडक्यात आशय आणि मूळ पानाचा दुवा एवढेच असते. वाचकाच्या संगणकात वा भ्रमणध्वनीत ‘फीड वाचक’ नावाची प्रणाली असते. तिला या यादीचा पत्ता एकदा दिला की ती ठरावीक वेळाने स्वतः जाऊन यादी तपासते व नवी नोंद असेल तर आणून दाखविते. वीस दारांवर जाण्याऐवजी वीस दारांची टपालपेटी एकाच ठिकाणी भरते, असे म्हणता येईल. यासाठी आपले नाव, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक कोणास कळवावा लागत नाही. नको असेल तेव्हा पत्ता काढून टाकला की काम संपले. नोंदी कालक्रमाने येतात. कोणती वर दाखवावी हे समाजमाध्यमांप्रमाणे दुसरा कोणी ठरवीत नाही. वकिलाच्या दृष्टीने हा गुण थोर आहे, कारण त्याला लोकप्रिय बातमी नको असते, लागू पडणारी हवी असते.

या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आरएसएस या नावाने तिचा पहिला नमुना काढला. आरएसएस २.० ही आवृत्ती २००२ मध्ये आली आणि डिसेंबर २००५ मध्ये ‘ॲटम’ हे दुसरे प्रमाण निश्चित झाले. अमेरिकेतील वकिलांनी हे साधन लवकर उचलले; तेथील अनेक संघीय न्यायालये दाखल होणाऱ्या कागदपत्रांच्या नोंदी फीडद्वारे देतात. आपल्याकडे पत्र सूचना कार्यालय, रिझर्व्ह बँक व सेबी यांच्या संकेतस्थळांवर फीडची सोय आहे. डहाणूच्या वकिलाला सेबीच्या परिपत्रकाचे काम क्वचितच पडेल, परंतु शेतजमिनीवरील कर्ज व सहकारी बँकांची प्रकरणे चालविणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या सूचना उपयोगी पडतात.

सर्वच शासकीय व न्यायालयीन संकेतस्थळे फीड देतात असे नाही. ई-न्यायालय प्रकल्पाने लघुसंदेश, ई-पत्र व भ्रमणध्वनी ॲपचा मार्ग धरला आहे. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, आणि तो नोंदवून ठेवला की पुढील तारीख, झालेला आदेश व कामकाजाची स्थिती घरबसल्या कळते. ज्या पानाला फीड नाही त्यातील बदल टिपून कळविणारी वेगळी साधनेही मिळतात. साधनांची नावे बदलत राहतील. पुष्कळांना प्रिय असलेला ‘गूगल रीडर’ २००५ मध्ये सुरू झाला आणि १ जुलै २०१३ रोजी बंदही झाला. त्या वेळी ज्यांनी आपल्या फीडच्या पत्त्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या प्रणालीत घालता आली. ही यादी वर्षातून दोनदा उतरवून ठेवणे हे वहिवाटीची फाइल अग्नीपासून जपण्याइतकेच शहाणपणाचे आहे.

मांडणी आणि वेळ

फीड घेतले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. पुष्कळजण उत्साहाने शंभर पत्ते जोडतात, आठवड्यात हजार नोंदी साचतात आणि मग प्रणाली उघडण्याचीच भीती वाटू लागते. यास्तव पत्ते निवडताना आपल्या वकिलीचा कस पाहावा. डहाणू-तलासरीत वकिली करणाऱ्याची प्रकरणे साधारणतः कोणती? जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खालील आदिवासींच्या जमिनींचे व्यवहार, वनहक्काचे दावे, भूमिसंपादनाचा मोबदला, राष्ट्रीय महामार्गावरील अपघात, पर्यावरण व किनारा नियमन, आणि नेहमीची दिवाणी-फौजदारी कामे. तेवढेच कप्पे करावेत. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने ‘अनुसूचित क्षेत्र’ असा एक कप्पा वेगळा असणे आवश्यक आहे. कारण राज्यपालांना संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढून एखादा अधिनियम या क्षेत्रापुरता बदलून लागू करता येतो. असा बदल अधिनियमाच्या छापील पुस्तकात शोधून सापडत नाही.

याचे उदाहरण जवळचेच आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम व बंधनकारक मानला आहे. १८ मे २०२० रोजी राज्यपालांच्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रासाठी यात फेरबदल झाला. जिल्हास्तरीय समितीने नाकारलेल्या दाव्यावर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करण्याची वाट मोकळी झाली. हा दिवस टाळेबंदीच्या चौथ्या टप्प्याचा पहिला दिवस होता. बाररूम रिकामी, तहसील कार्यालयात मोजकी उपस्थिती, वृत्तपत्रांची पाने साथीच्या बातम्यांनी भरलेली. बाररूममधील गप्पांवर विसंबणाऱ्याला ही वार्ता कळण्याचा मार्गच त्या दिवसांत बंद होता. घरी बसून राजपत्राच्या नोंदी पाहणाऱ्याला ती दिसू शकत होती. दाव्याची फाइल ‘निकाली’ म्हणून बांधून ठेवलेल्या अशिलासाठी या फरकाचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको.

वेळेच्या बाबतीत एकच सूचना पुरेशी आहे. सकाळी न्यायालयात जाण्यापूर्वी वीस मिनिटे मथळे चाळावेत. वाचत बसू नये. उपयोगी दिसेल ती नोंद संबंधित कप्प्यात वेगळी ठेवावी आणि जिच्यात कोणतीही मुदत सुरू होत असेल, तिची तारीख तेव्हाच रोजनिशीत उतरवावी, शेवटचा दिवस मोजून. बाकीचे संध्याकाळी. कनिष्ठ वकील वा कारकून असेल तर त्याला हे काम देता येते. मात्र मुदतीची नोंद ज्येष्ठाने स्वतः तपासावी. वकील संघाने मिळून एक सामाईक यादी ठेवली तर त्याहून सोयीचे. पाच जणांनी एकेक कप्पा वाटून घेतला, तर कोणाच्याही वीस मिनिटांची चाळीस होत नाहीत.

अर्ध्या वार्तेचा धोका

फीडमधील नोंद ही चाहूल असते, पुरावा नव्हे. हा भेद विसरल्यास काय होऊ शकते, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये साऱ्या देशातील आदिवासी भागांनी अनुभवले. ज्यांचे वनहक्काचे दावे नाकारले गेले आहेत त्यांना पुढील तारखेपर्यंत, म्हणजे २४ जुलैपर्यंत, वनजमिनीवरून हटवावे, अशा आशयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारीला दिला. तो उपलब्ध झाला २० फेब्रुवारीच्या सुमारास. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच त्याला स्थगिती दिली आणि दावे कोणत्या पद्धतीने नाकारले याचा तपशील राज्यांकडून मागविला. पहिली वार्ता वाऱ्यासारखी पसरली. दुसरी त्या वेगाने पसरत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे. भीतीला पाय असतात, दिलाशाला चालावे लागते. पहिली वाचून थांबलेल्या वकिलाने आपल्या अशिलाला मार्चमध्ये दिलेला सल्ला चुकीचा ठरला असता, आणि त्या सल्ल्यावर एखाद्या कुटुंबाने पेरणीचा विचार सोडला असता.

दुसरे उदाहरण राष्ट्रीय महामार्ग ४८ चे. हा मार्ग चारोटीवरून तलासरीकडे व पुढे आच्छाडच्या नाक्यावरून गुजरातेत जातो, त्यामुळे अपघाताची प्रकरणे येथील न्यायालयांना नवी नाहीत. भारतीय न्याय संहिता २५ डिसेंबर २०२३ रोजी राजपत्रात आली. अपघात करून न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद तिच्या कलम १०६(२) मध्ये होती, आणि तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये मालवाहतूक चालकांनी काम बंद केले. २३ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने संहिता १ जुलै २०२४ पासून लागू होईल असे ठरले. परंतु त्या अधिसूचनेत कलम १०६(२) वगळले होते. छापील संहिता हातात घेऊन बसलेल्याला ते कलम तर दिसते, ते अमलात आले नाही हे दिसत नाही. ते कळते केवळ दोन ओळींच्या अधिसूचनेतून.

म्हणून नोंद दिसली की दुव्यावरून मूळ लेखापर्यंत जावे. त्यानंतर काही झाले आहे काय, स्थगिती, दुरुस्ती, शुद्धिपत्रक, हे पाहावे. आणि न्यायालयात दाखल करावयाचे असेल तर रीतसर प्रत घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या व्यवस्थेतून विनामूल्य पाहता येतात व त्यांतील निवडक निर्णयांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. राज्य शासनाच्या शासन निर्णयांची पडताळणी तर अगदी सोपी आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक दिलेला असतो. भ्रमणध्वनीवर फिरत आलेल्या ‘शासन निर्णया’चा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून तो निघतो काय, हे ग्रामसेवकाला किंवा शिक्षकालाही दोन मिनिटांत पाहता येते.

शेवटचा टप्पा

दिल्लीहून डहाणूच्या वकिलापर्यंतचा मार्ग फीडने जवळ केला, तरी डहाणूहून झरी वा उपलाटच्या पाड्यापर्यंतचा मार्ग उरतोच. तेथे संगणकाचे काम संपते व माणसाचे सुरू होते. ‘प्राथमिक अधिसूचना’, ‘हरकती’, ‘विलंबमाफी’ हे शब्द मराठी असले तरी वारली बोली बोलणाऱ्या घरात ते परकेच असतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती आपणहून प्रसिद्ध करावी व तसे करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी, असे म्हटले आहे. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यापाड्याच्या ग्रामसभेला स्थान दिले आहे. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या तर करण्याजोगे एक लहानसे काम दिसते. आपल्या तालुक्यास लागू पडणाऱ्या अधिसूचनांची, मुदतीच्या शेवटच्या दिवसासह, एक पानी मराठी यादी तालुक्याच्या ठिकाणी दर पंधरवड्याला तयार व्हावी व ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. वकील संघ, विधी सेवा समिती व पंचायत समिती यांना मिळून हे करता येईल, आणि त्यासाठी वेगळा निधी लागेल असे वाटत नाही. फीड वाचणारा एक जण, मूळ लेखाशी ताडून पाहणारा दुसरा आणि ग्रामसभेत ते बोलीत समजावून सांगणारा तिसरा, एवढी तीन माणसे लागतील. तिसरा माणूस पुष्कळदा गावचा शिक्षकच असतो. त्याच्या हाती यादी पडेल तेव्हा एकवीस दिवसांपैकी निदान पंधरा दिवस शिल्लक असावेत, अशा बेताने ती निघाली पाहिजे.